हिवाळी पाहुणे आणि चिखलातले हात

नमस्कार. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन पाणथळीवर जाणारे आज इथे बरेच जण दिसताहेत. त्यामुळे कोणता पक्षी कसा ओळखायचा, यात मी वेळ घालवणार नाही. मला बोलायचं आहे ते त्या पाण्याबद्दल. ते पाणी, तो चिखल, ते गवत पक्ष्यांच्या उपयोगाचं राहतं, पण आपोआप राहत नाही. त्यासाठी कुणीतरी कंबरभर पाण्यात उतरलेलं असतं. पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून थोडा वेळ तरी त्या उतरणाऱ्यांमध्ये असावं, असं मला मनापासून वाटतं.

खोलीपासूनच सुरुवात करू. चक्रांग, तलवार बदक, थापट्या ही बदकं सहसा बुडी मारत नाहीत. डोकं पाण्यात, शेपूट वर, आणि मान पोचेल तिथपर्यंतच त्यांचं ताट. चक्रांग लहानसा, त्याला वीतभर पाणी पुरे. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते जरा खोल पाण्यातही तळ गाठतं. शेंडी बदक बुडी मारतं, त्याला उथळ पाणी चालत नाही. आणि तुतारी, चिखल्या या काठावरच्या पक्ष्यांना हवा असतो नुकताच उघडा पडलेला ओला चिखल. म्हणजे पाणी सगळीकडे एकसारखं खोल भरलेलं असलं, तर तलाव आपल्याला कितीही देखणा दिसो, थंडीत दूरदेशांहून आलेल्या निम्म्या पाहुण्यांना तिथे जेवायला जागाच नसते. हिवाळाभर पाणी हळूहळू उतरत गेलं की काठाचा नवा नवा पट्टा उघडा पडतो आणि दर आठवड्याला ताजं अन्न मिळत राहतं. जिथे पाण्याला दरवाजा आहे, तिथे तो कधी आणि किती उघडायचा हा निर्णय पक्ष्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा असतो.

थापट्याला जेवताना जरूर बघा. त्याच्या रुंद, चमच्यासारख्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, कडांनी बाहेर सोडायचं आणि अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे. कधी कधी अख्खा गट गोल गोल फिरत राहतो. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतो. हे दृश्य दिसलं की त्या पाण्यात अजून जीव आहे, असं मी समजतो.

आता गवत. एखाद्या पाणथळीला कुंपण घातलं, माणसं आणि गुरं बाहेर काढली, की ती सुरक्षित झाली असं आपण समजतो. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानाची गोष्ट यासाठी सांगायलाच हवी. तिथे १९८२ मध्ये गुरं चारायला बंदी झाली. त्याआधी हजारो म्हशी त्या पाण्यात चरत होत्या. बंदीविरुद्ध गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे काय झालं? म्हशी गेल्यावर पाण्यातलं पास्पॅलम जातीचं गवत मोकाट वाढलं. मोकळं पाणी गवताखाली गेलं आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेने तिथे अनेक वर्षं अभ्यास केला. त्या अभ्यासातून पुढे आलं ते हेच, की म्हशींचं चरणं त्या पाणथळीला उपकारक होतं. जे काम म्हशी फुकट करत होत्या, ते पुढे माणसांच्या हातांवर आणि यंत्रांवर आलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. पाणथळ ही मुळात भरत जाणारी जागा आहे. गाळ साचतो, गवत वाढतं, झुडपं येतात, आणि शेवटी तिथे कोरडी जमीन होते. पूर्वी नदीचा पूर एक जागा बुजवायचा, तर दुसरी नवी उघडायचा. आता नद्या बांधलेल्या आहेत. उरलेल्या पाणथळी आपणच उघड्या ठेवायला हव्यात.

पण उघड्या ठेवायच्या म्हणजे साफ करायच्या नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. उत्साहाच्या भरात काठ पार बोडका केलेला मी पाहिला आहे. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या बेटात राहते. एक पट्टा काढायचा, शेजारचा ठेवायचा. काम विणीच्या काळात करायचं नाही. थंड देशांत वीण वसंतात होते, म्हणून तिथे उंच पाणगवत आणि झुडपं कापायचं काम स्वयंसेवक ऐन हिवाळ्यात करतात. आपल्याकडे पाणथळीतले बरेच स्थानिक पक्षी पावसाळ्यात वितात, त्यामुळे ती पिल्लं मोठी झाल्यावर आणि पाहुण्यांचे मोठे थवे उतरण्याआधी जो वेळ मिळतो, तो साधावा लागतो.

जलपर्णी ओढायला लागलात की पहिल्यांदा कळतं ते तिचं वजन. वरून हलकी दिसते, पण खालची काळपट, झुपकेदार मुळं पाणी धरून असतात. त्या मुळांत बोट घालून पाहा. गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, बारीक कोळंबी, कधी माशांची पिल्लं, सगळं तिथे वळवळत असतं. म्हणून काढलेला ढीग लगेच उचलून न्यायचा नाही. पाण्याच्या अगदी कडेला काही काळ ठेवायचा, म्हणजे ज्यांना सरपटत परतायचं आहे ते परततात. त्यानंतर मात्र तो पावसाच्या पाण्याने परत आत वाहून येणार नाही, इतका दूर हलवायचा. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच अर्धवट राहतं.

काही कामं मन घट्ट करून करावी लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरात अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. कारण होतं बोट्युलिझम. प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि कुजणाऱ्या देहांत एक जिवाणू विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात, त्या अळ्यांत ते विष साठतं, दुसरा पक्षी त्या खातो आणि तोही लुळा पडतो. मान उचलता येत नाही म्हणून बुडून मरतो. हे चक्र तोडायचं तर मेलेले पक्षी भराभर उचलून त्यांची विल्हेवाट लावावी लागते. तिथे सरकारी पथकांबरोबर स्वयंसेवकही चिखल तुडवत हेच करत होते. असं काही दिसलं तर मात्र स्वतःहून हात लावू नका. आधी वनखात्याला आणि पशुवैद्यकांना कळवा. त्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि मास्क घालूनच उतरा.

फोटो काढणाऱ्या मित्रांसाठी दोन शब्द, रागाने नाही. पट्टकादंब हा डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. माग काढलेल्या पट्टकादंबांनी सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. परतीसाठी लागणारी चरबी त्याला इथेच साठवायची असते. अंगावर धावून जाऊन थवा उडवला की ती साठवण त्या उडण्यात खर्च होते. उडतानाचा फोटो हवा असेल तर थांबा. भोवत्या हा शिकारी पक्षी आला की ते उडतीलच.

शेवटी मोजणी. जानेवारीत जगभर एकाच सुमाराला पाणपक्षी मोजले जातात. हे काम १९६७ पासून चालू आहे, आशियात १९८७ पासून, आणि बहुतेक सगळं स्वयंसेवकांच्या जोरावर. या आकड्यांचं करायचं काय, असं नवे लोक विचारतात. पाणथळी जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराचे निकष पाहा. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे असतील, तर त्या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळू शकतं. हे ठरणार कशावर? दरवर्षी थंडीत कुडकुडत कुणीतरी लिहिलेल्या आकड्यांवरच.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या, मग तेवढ्या तुकड्यांनी पुढे सरका. थवा दाट असेल तर शंभरांचे तुकडे धरा. ओळख पटली नाही तर 'बदक, जात अनिश्चित' असं लिहा. अंदाजाने जात ठोकून देऊ नका. आणि नेहमीच्या जागी एकही पक्षी नसेल, तर शून्य लिहा. कोरी जागा सोडली की तिथे कुणी गेलंच नव्हतं, असा अर्थ निघतो. शून्य लिहिलं तर पाच वर्षांनी कुणाला तरी सांगता येतं की पक्षी अमुक वर्षी यायचे थांबले, आणि मग त्या वर्षी पाण्याचं काय झालं होतं ते शोधता येतं.

यंदाच्या गणनेला ज्यांना यायचं आहे त्यांनी मळके होतील असे कपडे आणि वही-पेन्सिल आणावी. पेन्सिलच, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. दुर्बीण नसली तरी या. प्रत्येक गटाला एक माणूस फक्त आकडे लिहायला लागतो, आणि दुर्बिणीतून डोळे न काढता मोजणाऱ्याला त्याच्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही.