चार गोळ्या, पाच माणसं

(ठाण्यात नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. ‘द मिस्ट’ या चित्रपटाचा शेवट यात पूर्ण उघड केलेला आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा.)

नमस्कार. चित्रपट संपल्यावर जिन्यात आणि पुढे तलावपाळीवर जो वाद रंगला, तो तिथंच विरून जाऊ नये म्हणून आज पुन्हा बसलो आहोत. गोष्ट थोडक्यात अशी: गावावर धुकं उतरतं, त्यात राक्षसी प्राणी असतात, आणि माणसं एका सुपरमार्केटमध्ये अडकतात. तिथून निसटलेल्या पाच जणांची गाडी वाटेत बंद पडते, तेव्हा डेव्हिड हा बाप उरलेल्या चार गोळ्यांनी स्वतःच्या मुलासह चौघांना मारतो, आणि दोन मिनिटांत धुकं हटून सैन्य येतं. वादात तीन सूर होते. पहिला, हा शेवट प्रेक्षकाला हादरवण्यासाठी वरून चिकटवलाय. दुसरा, बापानं दोन मिनिटं दम धरायला काय हरकत होती? आणि तिसरा, जो फार जणांनी उच्चारला नाही पण ज्यांनी उच्चारला त्यांच्या डोक्यातून जात नव्हता, तो असा: मार्केटमध्ये देवाच्या नावानं बळी मागणारी ती मिसेस कारमोडी शेवटी बरोबर ठरली की काय? माझं म्हणणं पहिल्याच सांगून टाकतो. हा शेवट चिकटवलेला नाही. तो मूळ कथेतच होता. लेखकानं तिथं एक हिशेब मांडून ठेवला होता, दिग्दर्शकानं तो पुरा केला.

मूळ लेखन स्टीफन किंगचं. दीर्घकथा १९८० साली ‘डार्क फोर्सेस’ या संग्रहात आली आणि १९८५ साली किंगच्या स्वतःच्या ‘स्केलेटन क्रू’मध्ये. चित्रपट २००७चा, दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट. कथा डेव्हिड ड्रेटन स्वतः सांगतो, म्हणजे तो ती लिहून काढतोय. सुपरमार्केटमधून निसटलेली चार माणसं गाडीत आहेत: डेव्हिड, त्याचा मुलगा बिली, अमांडा आणि म्हाताऱ्या मिसेस रेपलर. वाटेत एका रेस्टॉरंटमध्ये थांबून तो हे लिहितो. रेडिओच्या खरखरीतून त्याला एक गावाचं नाव ऐकू आल्यासारखं वाटतं, आणि तिकडे जायचं ठरवून कथा थांबते. आशा आहे, पण धुक्याइतकीच पातळ.

आता ज्या ओळीवरून वाचक सहसा भरकन पुढे जातो ती बघा. शेवटाकडे डेव्हिड लिहितो की पिस्तुलात तीन गोळ्या उरल्यात आणि गाडीत आपण चौघं आहोत. वेळ आलीच तर स्वतःपुरता मी दुसरा काहीतरी मार्ग शोधीन. एवढंच. पुढच्या वाक्याला तो दुसरीकडे वळतो. पण हे वाक्य लिहिणाऱ्या माणसानं मनात तीन जणांना मारून झालेलं आहे. त्यात त्याचा मुलगा आहे. डॅराबाँटनं डॅन मिलर या पात्राला गाडीपर्यंत जिवंत आणलं. कथेत तो औषधाच्या दुकानातच मरतो. त्यामुळे माणसं पाच झाली आणि गोळ्या चार. फरक तोच, एकाचा. ‘वेळ आलीच तर’ या शब्दांतली वेळ चित्रपटात खरोखर येते, इतकाच काय तो बदल.

मग किंगला थांबता आलं आणि डॅराबाँटला का नाही? कथेत लिहिणारा माणूस आहे. ज्या अर्थी तो लिहितोय त्या अर्थी त्या घडीला तरी तो जिवंत आहे, मुलगा जिवंत आहे, टेबलापाशी बसण्याइतकी उसंत आहे. वाचकाला या गोष्टीचा नकळत आधार मिळतो. चित्रपटात निवेदक नाही, म्हणून तो आधारही नाही. शिवाय कथेत रस्ता पडलेल्या झाडांनी अडलेला असल्यामुळे डेव्हिड घरापर्यंत पोहोचतच नाही. बायकोचं काय झालं हे त्याला कळत नाही, आणि न कळणं हीसुद्धा एक आशाच असते. चित्रपटात गाडी घरापाशी जाते. बायको जाळ्यांत गुरफटलेली, मेलेली दिसते. इथं एक दार बंद होतं. पुढे एक महाकाय प्राणी रस्ता ओलांडून जातो आणि गाडीतली माणसं त्याच्याकडे नुसती बघत राहतात. दुसरं दार बंद. मग पेट्रोल संपतं. हे तिन्ही टप्पे फारशा संवादाशिवाय येतात, म्हणून पहिल्यांदा बघताना आपल्याला ते नुसता प्रवास वाटतात.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा हातात कागद घ्या आणि फक्त पिस्तुलाचा माग काढा. ते अमांडाच्या पर्समधून निघतं. तिला ते नीट वापरता येत नाही, म्हणून ऑलीकडे जातं. ऑली हा मार्केटचा साधा, बुटका, चष्मेवाला असिस्टंट मॅनेजर, पण नेमबाजीत राज्य पातळीवर जिंकलेला. त्याच्या हातात पिस्तूल असेपर्यंत प्रत्येक गोळी विचार करून सुटते. कारमोडी मुलाचा बळी मागते तेव्हा तो तिच्यावर दोन गोळ्या झाडतो. बाहेर पार्किंगमध्ये ऑलीला प्राणी उचलतो आणि पिस्तूल गाडीच्या बॉनेटवर पडतं. गाडीत सगळे बसलेत, निघायचं एवढंच उरलंय, आणि डेव्हिड ते घ्यायला हात बाहेर काढतो. ते क्षण नीट बघा. आपण त्या वेळी मनात म्हणत असतो, घे, घे, उपयोगी पडेल. म्हणजे शेवटाची सोय करण्यात आपलाही हात असतो. ते पिस्तूल बॉनेटवरच राहिलं असतं तर पाचही जण वाचले असते.

हीच बांधणी बिलीला दिलेल्या शब्दाची. मार्केटमध्ये मुलगा बापाकडून वचन घेतो की राक्षसांच्या तावडीत मला कधीच सापडू देणार नाहीस. बाप वचन देतो. कुठलाही बाप देईल. शेवटी तो ते अक्षरशः पाळतो.

दुसऱ्या सुराकडे येतो: थांबायला काय झालं होतं? या माणसाचा स्वभाव पाहा. माल उतरवण्याच्या खोलीत जनरेटरचं धुराड्याचं तोंड तुंबलंय, ते मोकळं करायला शटर वर करायचं असं इतर जण ठरवतात. डेव्हिड जीव तोडून नको म्हणतो, कारण त्यानं बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज ऐकलेला असतो. त्याचं कोणी ऐकत नाही आणि सामान भरून देणारा पोरगा नॉर्म शटराखालून आत शिरलेल्या सोंडांच्या तावडीत सापडून जिवानिशी जातो. इथं डेव्हिड बरोबर ठरतो, आणि बरोबर ठरण्याची सवय इथूनच लागते. नंतर औषधं आणायची मोहीम, मग मार्केट सोडायचं ठरवणं. दर वेळी माणसं जातात, पण दर वेळी स्वस्थ बसण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं असंच त्याला वाटतं, आणि आपल्यालाही तो म्हणूनच आवडतो. ज्या एका वेळी काहीच न करणं हे उत्तर होतं, त्या वेळी त्याच्याकडे ते करण्याची शक्ती नव्हती. याला मूर्खपणा म्हणणं मला पटत नाही. त्याला जे दिसत होतं त्यावरून तो चुकलेला नाही. त्याला जे दिसत नव्हतं ते फार जवळ होतं.

पण एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर कुणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटलं. गाडीतली मोठी माणसं शब्दाविना होकार देतात. डॅन म्हणतो, आपण प्रयत्न केला, केला नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. मिसेस रेपलर त्याला दुजोरा देतात. अमांडा गोळ्या मोजताना बघते. बिली झोपलेला आहे. त्याला कोणी विचारलेलं नाही. आणि गोळी सुटण्याआधी तो डोळे उघडतो, बापाकडे बघतो. कॅमेरा गाडीबाहेर जातो, काचेआड उजेड चमकतो, आवाज दबका येतो. मोठ्यांनी स्वतःपुरतं काय ठरवावं यावर दुमत होऊ शकतं. मुलाच्या वतीनं ठरवण्याचा अधिकार कुणाला, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. वाद घालायचा तर इथं घाला, सैन्य दोन मिनिटं आधी का आलं नाही यावर नको.

आता कारमोडी. तिनं मुलाचा बळी मागितला होता. मुलगा मेला आणि धुकं हटलं. मग? हा संशय दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवलाय, पण त्याचं उत्तरही त्याच दृश्यात ठेवलंय. ट्रकवर उभी असलेली ती बाई आठवा. सुरुवातीला घरी एकट्या असलेल्या मुलांसाठी ती मार्केटमधून निघते, कुणीतरी सोबत या म्हणून विनवते, आणि एकही जण उठत नाही. डेव्हिडही नाही. शेवटी तीच बाई आपल्या दोन मुलांसह ट्रकवर दिसते. म्हणजे सुटका बिली मरण्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. सैनिक ज्वाळा फेकत जाळी जाळत पुढे येतायत, वाचलेल्यांना गाड्यांत भरतायत, ही काही एका क्षणात घडणारी गोष्ट नाही. बळी आणि सुटका एकामागून एक घडली म्हणून एकामुळे दुसरी घडली असं होत नाही. कारमोडीचं सगळं बळ याच गफलतीवर उभं असतं: ती जे बोलते त्यातलं जे घडतं ते लोक लक्षात ठेवतात, उरलेलं विसरतात.

ठाण्यात हा चित्रपट दाखवला की एक आक्षेप हमखास येतो. २६ जुलै २००५ला लोक ऑफिसात, स्टेशनात, बसमध्ये रात्रभर अडकले. अनोळखी माणसांनी एकमेकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली. दोन दिवसांत माणसं एकमेकांचे गळे धरतील हे आपल्याला खोटं वाटतं. आक्षेप रास्त आहे. पण त्या रात्री संकट काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाणी होतं, पाऊस थांबला की ते उतरणार होतं. मार्केटमधल्या माणसांना बाहेर काय आहे, किती आहे, कधी संपणार, यातलं काहीच ठाऊक नाही. कंबरेला दोर बांधून बाहेर गेलेल्या माणसाचा दोर ओढला तर अर्धंच शरीर परत येतं, इतकीच माहिती त्यांच्या हाती लागते. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्यामागे माणसं जातात, उत्तर काय आहे ते नंतर बघतात.

निर्मितीबद्दल थोडं. बजेट सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानानं किरकोळ. शेवटाला हात लागू नये म्हणून डॅराबाँटनं कमी पैशांत काम करणं पत्करलं. चित्रीकरण लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला, सहा आठवड्यांच्या आसपास. ‘द शील्ड’ या पोलीस मालिकेचे कॅमेरामन त्यानं सोबत घेतले. म्हणून मार्केटमध्ये कॅमेरा हातात, गर्दीत कुणाचा चेहरा पकडू या शोधात, मध्येच झूम करणारा. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे गाडी निघाल्यावर ‘डेड कॅन डान्स’ या बँडचं १९८८चं ‘द होस्ट ऑफ सेराफिम’ हे गाणं सुरू होतं तेव्हा ते अंगावर येतं. माझ्या मते ते गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ चालतं. गाडीत जी शांतता आहे ती अधिक भयंकर होती. माल उतरवण्याच्या खोलीतल्या त्या सोंडांचं संगणकी काम रंगीत प्रतीत कच्चं दिसतं. २००८च्या दोन डिस्कच्या डीव्हीडीत कृष्णधवल प्रत आहे, दिग्दर्शकाला मुळात तीच हवी होती. तिच्यात सोंडा अंधारात मिसळतात आणि धुक्याला खरी खोली येते.

किंगनं या शेवटाचं मोकळ्या मनानं कौतुक केलं. हे विशेष, कारण त्याच्याच कादंबरीवरून केलेल्या १९८०च्या ‘द शायनिंग’ चित्रपटावर तो वर्षानुवर्षं नाराज राहिला. आपल्याकडे नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतलं बीज घेऊन २०१८चा ‘तुंबाड’ कितीतरी लांब गेला, तेव्हाही हाच प्रश्न होता. रूपांतरात कथानक किती पाळलं हे मोजण्यात अर्थ नाही. मूळ लेखनातली कोणती ओळ दिग्दर्शकानं गांभीर्यानं घेतली, ते शोधा.

सोसायटीच्या हॉलमध्ये हा चित्रपट लावायचा असेल त्यांच्यासाठी. लांबी १२६ मिनिटं. संध्याकाळी सहाला सुरू केलात तर सव्वाआठपर्यंत संपतो, आणि कल्याण-कर्जतकडे जाणाऱ्यांनाही चर्चेला तास मिळतो. रात्री नऊला लावलात तर लोक लोकलच्या धास्तीनं उठतात आणि तो शेवट एकटेच घेऊन घरी जातात. हे टाळा. मुलाचा मृत्यू आणि आत्महत्या आहेत हे आधीच सांगा. तेवढ्यानं शेवट फुटत नाही. लहान मुलं नकोत. आवाज मार्केटमधल्या कुजबुजीवर लावा, सोंडांच्या दृश्यावर लावलात तर गाडीतले दबके शब्द ऐकूच येणार नाहीत. श्रेयनामावली सुरू झाली की लगेच दिवे लावू नका. आणि पहिला प्रश्न ‘आवडला का’ हा नको. ‘गोळ्या किती उरल्यात हे तुम्हाला कधी कळलं?’ असं विचारा. हात वर होतील, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल.

आधी कथा वाचावी की चित्रपट पाहावा, असं मागून कुणीतरी विचारलंय. चित्रपट पाहिलाच आहे, तर आता कथा वाचा. शेवटच्या काही पानांत तीन गोळ्यांची ती ओळ येईल तिथं थांबा, आणि तिच्या आधीच्या पानावर डेव्हिड बिलीबद्दल काय काय लिहितो ते पुन्हा एकदा वाचा.