क्रोमियमचं नाव, निकेलचं काम

नमस्कार मंडळी. हॅलिकॉन्ड्रिन, म्हणजे समुद्री स्पंजात सापडलेला कर्करोगविरोधी रेणू, त्याच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: औषध समुद्री स्पंजात आहे, तर तिथूनच काढा ना, लॅबमध्ये एवढा खटाटोप कशाला? झटपट सांगतो. हिराता आणि उएमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंज वापरला, त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळालं साडेबारा मिलिग्रॅम. बस. आणि स्पंज प्राणी आहे, वनस्पती नाही. कमेंटमधलं ते भांडण आता मिटवा.

१९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ योशितो किशींच्या गटाने हा रेणू लॅबमध्ये पूर्ण बनवला. त्याच्याच एका भागावरून एरिब्युलिन हे औषध आलं, २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूरही झालं. हे सगळे सांगतात. माझं डोकं फिरतं ते पुढे.

हा रेणू जोडताना वापरलेली नोझाकी-हियामा-किशी रिअ‍ॅक्शन! व्हायनिल आयोडाइड (दुहेरी बंधाच्या कार्बनवर आयोडीन) एकीकडे, अल्डिहाइड (टोकाला CHO गट) दुसरीकडे, मध्ये क्रोमस क्लोराइड (क्रोमियमचा क्षार). दोघं जुळतात आणि अलिलिक अल्कोहोल मिळतं, म्हणजे दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवर OH. बोर्डावर लिहिताना लोक बाणावर फक्त क्रोमियम लिहितात. अहो, निकेल कुठे गेलं?

नीट बघा. क्रोमियम आधी निकेलला इलेक्ट्रॉन देतं. मग निकेल कार्बन-आयोडीन बंधात घुसतं आणि तो कार्बन क्रोमियमच्या हवाली करतं. अल्डिहाइडवर जातं ते क्रोमियम, पण त्याच्या हाती कार्बन दिला निकेलने. एकट्या क्रोमियमला व्हायनिल आयोडाइड सहजी फुटत नाही.

कळलं कसं? क्रोमस क्लोराइडची एक बाटली चालायची, दुसरी नाही. चालणाऱ्या बाटलीत निकेलची भेसळ होती! १९८६ मध्ये किशींचा गट आणि ताकाई-नोझाकींचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे हे पकडलं. म्हणजे जास्त शुद्ध माल आणलात तर रिअ‍ॅक्शन अडणार. मला हा किस्सा फार आवडतो, दर बॅचला सांगतो, मुलं कंटाळतात.

“मग निकेल भरपूर घालू का?” असं एकाने विचारलंय. नको रे बाबा! जास्त झालं की दोन व्हायनिल तुकडे एकमेकांनाच चिकटतात, डायीन (दोन दुहेरी बंधांचा रेणू) तयार होतं आणि तुमचं महागडं अल्डिहाइड तसंच पडून राहतं. चिमूटभरच घाला, साधारण एक टक्क्याच्या आत. क्रोमियम मात्र नेहमीच्या पद्धतीत ढीगभर लागतं, आणि हवा अजिबात नको.