आधी शुगर बघा

(दृश्य : लोकलच्या दारातून पळणाऱ्या भिंती)

रुळांकडेच्या या भिंती मुंबईकरांना पाठ आहेत. 'गुप्तरोग', 'मर्दानी ताकद', 'निराश होऊ नका' आणि खाली मोबाइल नंबर. नंबर आम्ही मुद्दाम धूसर केलेत. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रंग मात्र ताजा दिसतोय.

(दृश्य : मधुमेहाची ओपीडी, दंडाला बीपीचा पट्टा)

इथे ताठरता न येण्याची ही तक्रार दबक्या आवाजात येते. शुगर, बीपी, तळपायांची आग, सगळं सांगून होतं. उठता उठता, दाराकडे बघत पेशंट म्हणतो, "डॉक्टर, जरा कमजोरी वाटते." मुरलेला डॉक्टर त्याला परत बसवतो आणि विचारतो, "पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?" असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत. मग ताण, धास्ती, नैराश्य यांची चौकशी होते. नसेल आणि त्रास हळूहळू वाढत आला असेल, तर शोध शरीरात घ्यायचा.

(दृश्य : ॲनिमेशन)

हे चित्र सावकाश चालवलंय. मेंदूकडून इशारा मज्जारज्जूतून खाली येतो. शिश्नातल्या नसा आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्याने सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू सैलावतात आणि स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरतं. फुगलेल्या ऊती बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतात, त्यामुळे रक्त तिथेच थांबतं. पुढे पीडीई-५ हे एन्झाइम सीजीएमपी मोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत होतं.

रक्ताभिसरणात हा वायू संदेश पोहोचवतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, मान्यता दिली. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरचे संशोधक खरं तर हृदयविकारातल्या छातीदुखीवर औषध शोधत होते. छातीचं फारसं काही जमलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला. ही गोळी पीडीई-५ ला अडवते, बस्स. ती इच्छा जागवत नाही. मेंदूकडून इशाराच निघाला नाही, तर गोळी घेऊनही काही होत नाही.

आता धमन्यांची रुंदी बघा. हृदयाची तीन-चार मिलिमीटर, शिश्नाची एक-दोन. मधुमेह, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू सगळ्याच वाहिन्या खराब करतात, पण अरुंद वाहिनी आधी तुंबते. म्हणून छातीत दुखायच्या काही वर्षं आधी ही तक्रार सुरू होऊ शकते. चाळिशीतल्या माणसाने भिंतीवरचा नंबर फिरवला, की ही आगाऊ सूचना फुकट जाते.

घरात अबोला येतो, बायकोला वाटतं याचं मन उडालं.

(दृश्य : केमिस्टचं काउंटर)

चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिलची गोळी मागू नका. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट आणि ही गोळी एकत्र आल्या, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्यांतही सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडलंय. म्हणजे हृदयाचा पेशंट नकळत दोन्ही घेऊन बसतो.

गोळीने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, शिश्नात घ्यायचं इंजेक्शन आहे, अगदी शेवटी शस्त्रक्रियेने कृत्रिम दांड्याचं रोपण आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन द्यायचं, ते रक्तात खरोखर कमी असेल तरच. बीपीच्या किंवा नैराश्याच्या चालू गोळ्यांमुळे त्रास असेल, तर डॉक्टर त्या बदलून देतात; आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

(दृश्य : डॉक्टरांचा हात, केसपेपर)

आणि हा कागद जवळून बघा. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), ईसीजी, तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालणं. गोळीचं नाव पाचव्या ओळीनंतर आलंय, आणि त्याखाली लिहिलंय : पुढच्या वेळी जोडीने या.