आईच्या गाडीचा गिअरबॉक्स

[दृश्य : पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब पसरत जातो.]

हा थेंब आमच्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला. तेल चांगलं असलं की ते लाल आणि पारदर्शक दिसतं. बॉक्स तापून त्याच्या आतल्या क्लच प्लेटा जळाल्या, की काळपट होतं आणि करपल्याचा वास येतो. आमचं तेल मात्र गुलाबी होतं. गुलाबाच्या सरबतात दूध ओतावं, तसं.

गाडी आईची. २०१० सालची छोटी हॅचबॅक, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा डबा, तो टॉर्क कन्व्हर्टर. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबणं तिला जमत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेला मावशीकडे ती एकटी जाते-येते, ती या गाडीच्या जिवावर. ‘जुनी झाली, विकून टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. आम्हाला ती विकायचीच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात रिव्हर्स टाकला, की गाडी दोन-तीन सेकंद नुसती उभी राहायची आणि मग धक्का मारून मागं यायची. आठवड्याभरात अंकलीच्या पुलावर रेस वाढत गेली, पण गाडी ओढेना.

पहिल्या गॅरेजात कुणी ट्रायलसुद्धा घेतली नाही. तेल तपासायची दांडी काढून बघितली आणि म्हणाले, “काकू, पुराची गाडी आहे. बॉक्समध्ये पाणी गेलंय. अख्खा बॉक्स करावा लागेल, ८५,००० रुपये. आत्ताच खाली उतरवतो.”

सांगलीत हे कुणालाही पटेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. बुडालेल्या गाड्यांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण त्या दिवसांत आमची गाडी मावशीच्या दारात होती, कोरडी ठणठणीत. आईनं किल्ली परत मागून घेतली.

[दृश्य : कुपवाड. गाडीचं बॉनेट उघडं.]

दुसऱ्या मिस्त्रींनी गिअरबॉक्सकडे बघितलंच नाही. इंजिन गार होऊ दिलं आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. झाकणाखाली गुलाबी फेस!

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करणारी छोटी नळी रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली असते. ती सडली, की गाडी चालू असताना तेल कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, जातं आणि बंद केल्यावर कूलंट तेलात शिरतं. म्हणजे पाणी नदीचं नव्हतं, आमच्याच रेडिएटरचं होतं.

बॉक्स तरी खोलावाच लागणार होता. क्लच प्लेट म्हणजे पोलादी चकती आणि तिच्यावर चिकटवलेलं कागदासारखं अस्तर. पाण्यानं ते अस्तर सुटतं. पण रेडिएटर तोच ठेवून नुसता बॉक्स दुरुस्त केला असता, तर नव्या प्लेटांचीही तीच गत झाली असती. ८५,००० घालवून आम्ही परत त्याच दारात उभे राहिलो असतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : किती खर्च येईल हे नंतर विचारा, बिघडलं कशामुळे ते आधी विचारा. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याला बॉक्स उतरवू देऊ नका.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पी०७०० हा कोड आला. हा कोड बघून बॉक्स गेला म्हणणारे आहेत. खरं तर तो एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. ती एखाद्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची, असेल, तुटलेल्या वायरचीही असेल.

खोलण्याआधी कागद झाला. बॉक्स उतरवून खोलायची मजुरी वेगळी लिहिली. पुढचं काम नाही दिलं, तर तेवढीच द्यायची. बॉक्सवरच्या नंबराचा फोटो काढला, कारण भंगारातला बॉक्स धुऊन, सिल्व्हर रंग मारून ‘रिबिल्ड’ म्हणून बसवला, तर बाहेरून कळत नाही. आणि निघालेला प्रत्येक जुना पार्ट आम्हाला परत.

[दृश्य : टेबलावर ओळीनं मांडलेल्या प्लेटा.]

ही प्लेट बघा. आईनं नखानं नुसतं खरवडलं, तर अस्तर पावसात भिजलेल्या पोस्टरसारखं निघून आलं. हे लोहचुंबक, तेलाच्या पॅनमधलं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप आहे, तो झिजेचा. तेवढा चालतो. लोखंडाचे जाड तुकडे असते, तर आतले गिअर गेले असं समजायचं. आमचे गिअर शाबूत होते, त्यामुळे तो खर्च तिथंच कमी झाला.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. जुळवताना प्रत्येक संचातली फट फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजली. टेबलावर कॉटन वेस्टचा बोळा कुठंच दिसला नाही. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाची वाट ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात, गेला, तर व्हॉल्व्ह अडकतो.

टॉर्क कन्व्हर्टरपाशी मी घासाघीस करायला लागलो. मिस्त्री म्हणाले, “इथं वाचवू नका.” कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो, वरून धुऊन आतली घाण निघत नाही. जुनाच लावला, तर तीच घाण नव्या प्लेटांत येते. मग तो कापून, आतलं अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून आणला. रेडिएटर नवा. कूलरच्या नळ्या धुतल्या. सगळं मिळून ६२,००० रुपये, पक्क्या बिलावर. वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर, त्यात मजुरी धरली आहे का, हे बिलावरच लिहून घेतलं. उद्या वाद झाला आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायची वेळ आली किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं, तर हातात हाच कागद असतो.

ट्रायल दंडोबाच्या डोंगराच्या चढावर घेतली, गाडीत चार माणसं बसवून. रेस आणि वेग बरोबरीनं वाढत गेले. वर पोचल्यावर आईनं रिव्हर्स टाकला. गाडी लगेच मागं आली.

[दृश्य : विश्रामबाग. घरासमोर उभी गाडी.]

आज बॉक्सच्या दुरुस्तीनंतर १,००० किलोमीटर झाले. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू. आई दांडी काढते, पांढऱ्या कागदावर थेंब टेकवते.

लाल आहे.

त्यावर ती तारीख लिहिते आणि कागद बिलाच्या फाइलीत लावते.