ओझं पेलणारी सॅक

श्रोतेहो, नमस्कार.

आठ-दहा दिवसांची रानातली भटकंती. वाटेत वस्ती नाही, पाण्याची खात्री नाही. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा, स्टोव्ह, सगळं स्वतःच्याच पाठीवर. असं निघायचं म्हटलं की सॅक २५ किलोच्या घरात सहज जाते, आणि दोर नि चढाईचं सामान सोबत असेल तर तिशीही गाठते. आज बोलायचंय ते एवढं ओझं पेलणाऱ्या सॅकबद्दल. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर कुठलीही बरी सॅक चालते, तिथे फार चिकित्सा करू नका. पण गाडीरस्त्यापासून चार दिवस आत असताना खांद्याचा पट्टा मुळापासून उखडला, तर तिथे शिंपी नसतो, आणि तंबू-शिधा मागे टाकून पुढे चालूही लागता येत नाही.

दुकानात गेलेला माणूस आधी काय करतो? कापड चिमटीत धरून बघतो. जाड आहे, दणकट वाटतंय, मग झालं. कापडाकडे मी येणार आहेच, पण जड सॅक सहसा कापडात फाटत नाही. ती निकामी होते जोडावर. पट्टा जिथे पिशवीला शिवलाय तिथे, कंबरपट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे, पिशवीला ताठ ठेवणाऱ्या सांगाड्याची, म्हणजे फ्रेमची, दांडी जिथे टेकते तिथे. म्हणून सॅक बाहेरून पाहून झाली की तिच्यात डोकं घाला. जमलं तर आतली बाजू बाहेर काढा आणि उजेडात धरा.

खांद्याचे पट्टे आणि वरची उचलायची मूठ जिथे शिवली आहे, तिथे दाट, आखूड नागमोडी टाक्यांचे ठसे दिसायला हवेत. याला बारटॅक म्हणतात. नुसती एक सरळ शिवण असेल तर ती सॅक खाली ठेवा. मग पट्ट्याचं टोक किती आत गेलंय ते पाहा. चांगल्या सॅकमध्ये ते शिवणीच्या पलीकडे चांगलं आत घेतलेलं असतं, आणि मागून कापडाचा किंवा जाड फितीचा आणखी एक थर असतो, म्हणजे ताण एकाच रेषेवर न येता पसरतो. स्वस्तातल्या सॅकमध्ये हे टोक काठावरच जेमतेम अडकवलेलं सापडतं. पिशवीच्या आतल्या शिवणींच्या कडा फितीने बांधलेल्या हव्यात. त्या उघड्या असतील तर कापडाचे धागे उसवत उसवत शिवणीपर्यंत येतात. आणि दोरा सुती नको, ओलाव्यात तो कुजतो. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचाच हवा.

आता ओझं जातं कुठून कुठे, हे एकदा डोळ्यासमोर आणू. सामानाचं वजन पिशवीवर, पिशवीचं फ्रेमवर, फ्रेमचं कंबरपट्ट्यावर, आणि कंबरपट्ट्यातून कमरेच्या हाडांवर. तिथून पुढे पाय ते सांभाळतात. नीट बसलेल्या सॅकमध्ये बहुतेक भार असा खाली उतरतो आणि खांद्याचे पट्टे मुख्यतः सॅक पाठीला धरून ठेवतात. हे सुचायला माणसाला बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेत ओले बर्गन यांनी पाठीच्या आकाराची फ्रेम पिशवीला जोडली. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या बाहेरच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. डोंगरात चालताना फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली आणि खांदे एकदम हलके झाले, त्यावरून त्यांना कंबरपट्ट्याची कल्पना सुचली, असं सांगतात. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत केल्टी यांच्या सॅक वापरल्या गेल्या. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी फ्रेम पिशवीच्या आत नेली, आणि आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या सॅक त्याच वाटेवरच्या आहेत.

सगळं ओझं खांद्यांवरच राहिलं तर काय होतं, हे सैन्यातल्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. मान आणि खांद्यामधून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात, हात बधिर होतो, काहींचा खांदा दुबळा पडतो, खांद्याचं पातं पाठीवर उठून बाहेर येतं. या विकाराला नावच मुळी रकसॅक पाल्सी असं आहे. बरं व्हायला कधी कधी महिने जातात. त्यामुळे हात बधिर व्हायला लागला तर दात-ओठ खाऊन चालत राहू नका. थांबा, पट्टे सैल करा, भार कमरेवर घ्या.

फ्रेमकडे मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि तुम्हीही द्यावा अशी माझी विनंती आहे. आतल्या फ्रेममध्ये साधारणपणे ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या आणि कडक प्लॅस्टिकचा पत्रा असतो. पट्टीचं खालचं टोक कुठे बसतं ते हाताने चाचपून पाहा. ते थेट कंबरपट्ट्याच्या मागच्या भागात उतरलं पाहिजे. ते कंबरपट्ट्याच्या वरच कुठेतरी संपत असेल, तर कंबरपट्टा कमरेला नुसता गुंडाळला जातो, भार त्याच्यावर येतच नाही. दुसरं म्हणजे धातूचं टोक प्रत्येक पावलागणिक कापडावर आपटत असतं. ज्या खिशात ते बसतं तिथे दुहेरी-तिहेरी थर नसेल, तर ते टोक काही दिवसांत बाहेर डोकावू लागतं. ॲल्युमिनियमची पट्टी काढून आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवता येते, हे पुष्कळ जणांना ठाऊकच नसतं. दुकानदाराला विचारा, चांगला दुकानदार ते करून देतो.

बाहेरची फ्रेम हल्ली कमी दिसते, पण मळलेल्या वाटेवरून वेडीवाकडी, अवजड वस्तू न्यायची असेल तर तिला तोड नाही. पाठीला वाराही लागतो. कातळावर किंवा दाट झाडीत मात्र ती अडते आणि तोल बिघडवते. तिथे अंगालगत बसणारी आतल्या फ्रेमचीच बरी.

मापाचं थोडक्यात सांगतो. सॅकचं माप आपल्या उंचीवर ठरत नाही, धडाच्या लांबीवर ठरतं. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक लागतं. तिथून पाठीच्या कण्यावरून खाली, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायची. हे एकट्याला जमत नाही, कुणाची तरी मदत घ्या. सारख्या उंचीच्या दोन माणसांची ही लांबी बरीच वेगळी निघू शकते. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या सॅक मिळतात आणि घरातल्या दोघांनी एकच सॅक वापरायची असेल तर त्या सोयीच्या आहेत. पण जिथे सरकणारा भाग, तिथे झिजणारा भाग. माप नेमकं मिळत असेल तर मी पक्क्या शिवलेल्या पाठीचीच घ्या म्हणेन.

कापडाच्या बाबतीत डेनिअर हा आकडा कानावर पडतो. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. म्हणजे ५०० डेनिअरचा धागा ९००० मीटरला अर्धा किलो भरतो. जड ओझ्यासाठी अंगाला ४२०-५०० आणि तळाला १००० डेनिअरच्या आसपासचं नायलॉन असलं की काळजी नाही. तळ दुहेरी असेल तर उत्तमच, कारण सॅक दिवसातून कितीदा तरी दगडावर आपटून ठेवली जाते. कॉर्ड्युरा नावाने मिळणारं खरखरीत नायलॉन घासण्याला फार चिवट असतं. हल्ली अतिशय हलकी, पातळ थर चिकटवून केलेली कापडं आली आहेत. ती ओढून फाटत नाहीत, पण खडकावर घासून त्यांना बारीक भोकं पडतात. हलक्या ओझ्याला ती छान आहेत, ३० किलोला मी ती सुचवणार नाही.

मजबूत सॅक रिकामीच अडीच-तीन किलो भरते. हा आकडा ऐकून लोक बिचकतात आणि दीड किलोची सॅक उचलतात. तिच्यात २५ किलो घातले की फ्रेम मध्येच मुडपते आणि वाचवलेल्या एका किलोच्या बदल्यात सगळा भार खांद्यांवर येऊन बसतो. हा सौदा तोट्याचा आहे.

मुख्य तोंड चेनचं नको. दोरी ओढून बंद होणारं आणि वरून झाकण येणारं तोंड असलं की बिघडायला फारसं काही उरत नाही. पुढून उघडणारी चेन हवीच असेल तर ती जाड दातांची, १० नंबरची घ्या, आणि तिच्यावरून आडवे पट्टे जातात ना ते पाहा, म्हणजे भरलेल्या सामानाचा ताण पट्टे घेतात. चेनचे दात मागून उघडू लागले तर बहुतेक वेळा दोष झिजलेल्या स्लायडरचा असतो, तेवढाच बदलता येतो. बक्कल प्लॅस्टिकचंच असतं आणि ते पायाखाली येऊन तुटतं, विशेषतः कंबरेचं. म्हणून न शिवता पट्ट्यात अडकवता येणारं एक जादा बक्कल, जाड सुई आणि मजबूत दोरा जवळ ठेवा. कुठलीही सॅक पावसात पूर्ण कोरडी राहत नाही, सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपतं. आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावणं हा सर्वांत भरवशाचा उपाय.

जुनी, वापरलेली सॅक मिळत असेल तर नाक मुरडू नका. फक्त आत नाक घालून वास घ्या. आंबूस वास येत असेल आणि आतला थर बोटाला चिकट लागत असेल, तर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेने विरघळत चाललाय. रंग खूप उडाला असेल तर उन्हाने नायलॉनची ताकदही गेलेली असणार. या दोन गोष्टी नसतील आणि जोड धड असतील, तर ती बेलाशक घ्या.

विकत घेण्याआधी ती भरून पाहा. दुकानात वजनाच्या पिशव्या नसतील तर घरून पाण्याच्या बाटल्या न्या, १ लिटर म्हणजे १ किलो. निदान २० किलो घाला. आधी कंबरपट्टा हाडांवर घट्ट आवळा, मग खांद्याचे पट्टे हलकेच ओढा आणि अर्धा तास चाला, जिने चढा-उतरा. मग खांद्याचे पट्टे किंचित सैल करा. सॅक कमरेवर तोलून राहिली तर फ्रेम खरी आहे. खाली घसरली किंवा मध्येच वाकली, तर ती तुमच्या मापाची नाही किंवा तेवढ्या ओझ्याची नाही. कंबरपट्ट्याचा फोम अंगठ्याने दाबून पाहा. सहज चेपून तळ लागणारा मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी हाडाला काचतो.

आणि भरलेली सॅक कधीही खांद्याच्या एका पट्ट्याने उचलू नका. सगळा भार तिरका होऊन त्या एका शिवणीवर हिसका देतो, आणि ज्या जोडाबद्दल मी सुरुवातीपासून बोलतोय तो बहुतेक वेळा असाच जातो. वरच्या मुठीला धरा, सॅक आधी मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग वळून दुसरा.

नमस्कार.