युद्धनौकेची जलसमाधी आणि माशांची वस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

१७ मे २००६ रोजी, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पेन्साकोला शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर, मेक्सिकोच्या आखातात ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू युद्धनौका खुद्द तिच्याच नौदलाने स्फोट घडवून बुडवली. कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत भाग घेतलेली ही पावणेतीनशे मीटर लांबीची नौका १९७६ मध्ये निवृत्त झाली होती. पुढे ती भंगारात विकली गेली, पण कंत्राटदाराकडून काम निभावले नाही आणि ती पुन्हा नौदलाच्या गळ्यात पडली. अखेरीस कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून तिला समुद्रतळाशी बसवावे, असे ठरले. स्फोटानंतर ३७ मिनिटांत ती पाण्याखाली गेली आणि ६५ मीटर खोलीवर, नियोजनाप्रमाणे, सरळ टेकली.

त्या भागातला समुद्रतळ बहुतांशी वाळूचा आहे. कालवे, स्पंज, प्रवाळ यांच्या पिलांना चिकटून बसायला काहीतरी कठीण पृष्ठभाग लागतो. वाळूवर त्यांचा टिकाव लागत नाही. पोलादी नौका तळाशी गेली की आधी तिच्यावर शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा थर चढतो, मग कवचधारी जीव येतात, त्यांच्या मागोमाग लहान मासे आणि त्यांना खाणारे मोठे मासे. नौकेच्या खोल्या, जिने आणि दारे यांमुळे लपायला आडोसा मिळतो आणि उंच मनोऱ्यामुळे वेगवेगळ्या खोलीवरचे जीव एकाच ठिकाणी नांदू शकतात. आपल्याकडच्या तांबोशीच्या कुळातला रेड स्नॅपर अशा जागी हमखास सापडतो.

ही झाली गोड बाजू. बुडवणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे, असे माझे मत आहे. खरी कसोटी लागते ती त्याआधीच्या साफसफाईत. जुन्या युद्धनौकांत तेल, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग आणि विजेच्या तारांच्या आवरणात पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त रसायने असतात. ही रसायने सहजी जळत नाहीत, म्हणून ती त्या काळी वापरली गेली. पण ती सहजी नष्टही होत नाहीत, प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. ‘ओरिस्कनी’वर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, तरी तीनशे किलोंहून अधिक पीसीबी तारांमध्ये राहूनच गेले, कारण ते काढायचे तर सारी नौकाच उकलावी लागली असती. धोक्याचा अभ्यास झाल्यावर तिथल्या पर्यावरण संस्थेने फेब्रुवारी २००६ मध्ये परवानगी दिली. पुढे त्या जागी पकडलेल्या माशांची तपासणी होत राहिली; सुरुवातीच्या वर्षांत काही माशांत पीसीबीचे प्रमाण आरोग्य खात्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि नंतर ते उतरत गेले. तपासणी चालू ठेवली, म्हणूनच हे कळले.

समुद्र आपल्या आराखड्याला बांधील नसतो, हेही इथे दिसते. २००८ च्या गुस्ताव्ह वादळानंतर ‘ओरिस्कनी’ सुमारे तीन मीटर आणखी खाली रुतली. तिचा उड्डाणपट्टा आधीच हौशी पाणबुड्यांच्या मर्यादेच्या किंचित खाली होता, तो आणखी दूर गेला. त्याच फ्लोरिडात, ‘की लार्गो’ नावाच्या बेटाजवळ, २००२ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही नौका ठरलेल्या वेळेआधीच कलंडून बुडाली आणि तिचे नाक पाण्यावर राहिले. बराच खटाटोप करून तिला कुशीवर टेकवली गेली, आणि तीन वर्षांनी डेनिस वादळाने, कोणी न सांगता, तिला सरळ उभी केली! मात्र सगळ्याच चुका वादळे सुधारत नाहीत. फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात मोटारींचे लाखो टायर असेच ‘प्रवाळभित्ती’ म्हणून टाकले गेले. त्यांचे बंध तुटले, टायर सुटून वाहत गेले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. ते बाहेर काढण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही सैन्य उतरवणारी नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आली, ती सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्यासाठी. ‘विराट’ या निवृत्त विमानवाहू नौकेसाठीही २०१८ मध्ये निवतीचेच नाव पुढे आले होते, ती मात्र गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी केंद्रात तुटली. ‘गुलदार’ लांबीने ‘ओरिस्कनी’च्या एक तृतीयांशही नाही, त्यामुळे तिची सफाई तुलनेने आटोक्यातली आहे.

पण मच्छीमारांचा प्रश्न आटोक्यातला नाही. बुडालेली नौका मासे निर्माण करते की आजूबाजूचे मासे एका जागी गोळा करते, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. नुसतेच गोळा होत असतील, तर ज्याच्याकडे मोठी यांत्रिक बोट आणि मासे शोधणारे यंत्र आहे, त्याच्या हाती ते आयते लागतील आणि किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणवाल्याच्या वाट्याला येणारे कमी होतील. शिवाय पोलादात अडकून फाटलेली जाळी तिथेच लटकत राहते आणि मासे मारत राहते. म्हणून त्या जागेचे अक्षांश-रेखांश किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीला कळवणे, भोवतीच्या किती पट्ट्यात मासेमारी बंद राहील हे आधीच ठरवणे आणि तिथल्या माशांची दरवर्षी तपासणी करून निकाल मराठीत जाहीर करणे, ही कामे तिकीट विक्री सुरू होण्याआधी झाली पाहिजेत.