पक्ष्याला हाक मारू नका

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘पाणथळीवरचं छायाचित्रण’. त्याकडे येतोच. पण पाऊस तोंडावर आलाय, थोड्याच दिवसांत सिंहगडाच्या खोऱ्यात नवरंग बोलायला लागेल, त्याआधी मला एक सांगायचंच आहे. मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला पुढ्यात बोलावणं बंद करा.

नवरंग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढून तो पावसाच्या सुमारास विणीसाठी इकडे येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ. ही जागा माझी, असं तो बाकीच्या नरांना बजावत असतो.

गेल्या पावसाळ्यात एका ओढ्याकाठी दोघांनी करवंदीच्या जाळीत छोटा स्पीकर ठेवला होता. पालापाचोळा उलटत नवरंग आला, चोचीत गांडूळ. म्हणजे पिल्लं कुठंतरी जवळच. स्पीकर वाजला. त्यानं गांडूळ टाकलं, फांदीवर चढला आणि मान मागे टाकून शीळ घालायला लागला. हे थांबले की तो थांबायचा, खाली उतरायचा. यांनी पुन्हा वाजवलं की पुन्हा वर. मी बोलायला गेलो तर, “काका, पाचच मिनिटं!” मागच्या रांगेत हसू आलं, म्हणजे हे वाक्य इथंही ओळखीचं आहे. ती पाच मिनिटं उजेड जाईपर्यंत चालली. फोटो उत्तम आले असणार. गांडूळ पाचोळ्यातच राहिलं, आणि मला अजून त्याचा राग येतो.

घरट्यांचंही तेच. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं पाहिलंय? पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. उठून जाताना ती ओलं शेवाळ, पानं चोचीनं ओढून अंडी झाकते. अचानक कोणी अंगावर आलं तर झाकायला वेळ मिळत नाही, आणि कावळे टपलेलेच असतात. फोटोत अडथळा नको म्हणून घरट्यापुढची फांदी मोडणाऱ्यांनाही हेच सांगणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलंय. माहीत असूनही लोक करतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर तंत्र. बोलवायचं नाही, मग करायचं काय? त्याच्या वाटेवर आधी जाऊन बसायचं. खंड्या ठरलेल्या काठीवर पुन्हा पुन्हा येतो. पाषाण तलावावर तशी काठी हेरा, सूर्य पाठीशी घ्या आणि हलू नका. सूर मारतानाचा फोटो हवा तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. लांब पायांच्या शेकाट्याला, तो उभा असताना, १/५०० पुरतो. बगळा उन्हात असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा, नाहीतर पिसं पांढरीफटक जातात. फोकस डोळ्यावर. आणि उभ्यानं काढू नका, पोटावर झोपा. भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आलं की मागचं पाणी आपोआप मऊ दिसतं.

पुण्याजवळच्या कवडीला चक्रवाक बदकं आता नाहीत, ते हिवाळ्यात येतील. तिथं जाल तेव्हा सूर्योदयाआधी पोहोचा, बंधाऱ्यावरून फिरू नका, एक जागा धरा. खाली अंथरायला जुनी सतरंजी न्या, काठावर चिखल फार असतो. लेन्सबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी घेतो.